बोटीचं वय नव्हे, निगा विचारा



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर ‘साठीनंतरचे प्रवास’ या विषयावर गप्पा झाल्या. तेव्हा आम्ही दोघी जावांनी बोलता बोलता सांगितलं की आम्ही सव्वीस दिवस बोटीवर राहून आलोय. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, खर्च किती आला, जेवणाचं काय, बोट लागते का, दोघीच बायका कशा गेलात. आणि एका मैत्रिणीने नेमका प्रश्न विचारला, “आम्हाला एका लांबच्या सफरीचं तिकीट बरंच कमी पैशात मिळतंय, पण बोट जुनी आहे म्हणे. जावं का?”

आमचीही बोट जुनीच होती. म्हणून आजचं बोलणं या एका प्रश्नाभोवती ठेवू.

आधी आमच्याबद्दल थोडं. आमच्यातली थोरली जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायची. धाकटी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. दोघींच्याही नोकऱ्या संपल्या, मुलं आपापल्या मार्गाला लागली. २०१८ साली थोरलीच्या ठेवीची मुदत संपली, तेव्हा तिने विचारलं, “अगं, अथेन्सला जायचं का?” आयुष्यभर मुलांना जगाचा इतिहास शिकवला आणि स्वतः गोव्यापलीकडे गेली नव्हती. विमानाचा एवढा लांबचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपणार नव्हता. तेवढ्यात कळलं की जगाला फेरी मारणाऱ्या काही बोटी मार्च-एप्रिलच्या सुमारास मुंबईला येतात आणि पुढे युरोपकडे निघतात. सबंध फेरीचं तिकीट घेतलं नाही तरी चालतं, एखादा टप्पा विकत घेता येतो. आमचा टप्पा होता मुंबई ते इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन. वाटेत ओमान, जॉर्डन, सुएझ कालवा, ग्रीस, माल्टा आणि पोर्तुगाल.

बोट आलिशान म्हणून प्रसिद्ध होती, पण ती पाण्यात उतरली धाकटीच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे १९८६ साली. हे कळलं मात्र, घरात विरोध सुरू झाला. नव्वदीतल्या सासूबाईंनी एकच शब्द उच्चारला, “रामदास.”

आमच्या पट्ट्यात हा शब्द पुरतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट मुंबईजवळच उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणात कितीतरी घरांतून ती आठवण अजून आहे. सासूबाईंच्या भीतीला आम्ही हसलो नाही. पण थोरली इतिहासाची बाई. तिने वही काढली आणि बुडालेल्या बोटींची वयं लिहायला बसली.

रामदास बांधली १९३६ साली, म्हणजे अपघाताच्या वेळी ती जेमतेम अकरा वर्षांची होती. टायटॅनिक पहिल्याच प्रवासात बुडाली. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलेली कोस्टा कॉन्कॉर्डिया सहा वर्षांची होती, त्यात ३२ जण गेले. याउलट क्वीन एलिझाबेथ दोन ही बोट १९६९ साली पहिल्या सफरीला निघाली आणि २००८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं चालली. मधे १९८६-८७ साली तिची वाफेवरची यंत्रं काढून डिझेलची बसवली. आज ती दुबईला हॉटेल म्हणून उभी आहे. मार्को पोलो नावाची बोट १९६५ साली बांधलेली. ती २०२० पर्यंत प्रवासी नेत होती आणि २०२१ च्या सुरुवातीला गुजरातेत अलंगला मोडीत निघाली.

म्हणून नुसतं वय बघून चालत नाही. पण मैत्रिणींनो, वयाने काहीच फरक पडत नाही असंही नाही. नॉर्वे नावाची एक देखणी बोट होती, १९६२ साली फ्रान्स या नावाने सेवेत आलेली. मे २००३ मध्ये मायामी बंदरात उभी असताना तिचा बाष्पक फुटला आणि आठ कामगार गेले. चौकशीत निघालं की बाष्पकाचं लोखंड थकलं होतं, त्याला भेगा होत्या आणि तपासणी-देखभाल नीट झालेली नव्हती. वरच्या मजल्यावर गालिचे चकचकीत असतील, झुंबरं असतील, पण ज्यावर बोट चालते ते सगळं खाली असतं आणि ते प्रवाशाला कधी दिसत नाही. गेलेले आठही जण बोटीवर काम करणारे होते, हेही लक्षात ठेवा.

आता जुन्या बोटीत नेमकं काय म्हातारं होतं ते सांगतो. पहिलं म्हणजे नळ आणि पाइप. बोटीवर रोजचं गोडं पाणी बरंचसं तिथेच तयार होतं. समुद्राचं पाणी यंत्रांच्या उष्णतेवर तापवून त्याची वाफ थंड करतात, किंवा दाब देऊन बारीक पडद्यातून गाळतात. हे पाणी मैलोन्‌मैल लांब पाइपांतून फिरतं. दुसरं, थंड हवेची यंत्रणा. तिसरं, संडासाची व्यवस्था. ती हवेच्या ओढीवर चालते, विमानातल्यासारखी. तिच्यात एखादीने सॅनिटरी पॅड किंवा ओला कागदी रुमाल टाकला की सगळ्या ओळीतले संडास बंद पडतात. चौथं, वीज तयार करणारी यंत्रं. आणि पाचवं, दारं, लिफ्ट, खिडक्यांचे रबर अशा शंभर बारीक गोष्टी. यातलं बहुतेक सगळं बदलता येतं. प्रश्न एवढाच की मालकाने ते वेळच्या वेळी बदललं का. आपल्या जुन्या वाड्यासारखंच आहे हे. वाडा शंभर वर्षांचा असो, दरवर्षी कौलं चाळली तर गळत नाही.

मग हे बाहेरून कळणार कसं? आम्ही तिकीट काढणाऱ्या दलालाला चार प्रश्न लिहून दिले आणि उत्तरं लेखी मागितली. तुम्हीही तेच करा.

पहिला प्रश्न, बोट सुक्या गोदीत शेवटची कधी गेली होती आणि तिथे काय काम झालं? सुकी गोदी म्हणजे जिथे बोटीखालचं पाणी काढून टाकून तिचं पोट तपासतात ती जागा. प्रवासी बोटीला पाच वर्षांत किमान दोनदा तिथे जावं लागतं. “नवीन पडदे लावले, नवीन सोफे आले” असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, “आणि यंत्रं?”

दुसरा प्रश्न, बोटीची नोंदणी कुठे आहे आणि तिची पाहणी कोणती संस्था करते? बहुतेक बोटींवर बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचे झेंडे असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रवासी बोटीचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. टायटॅनिकनंतर १९१४ साली जगातल्या देशांनी समुद्रावरच्या जीवरक्षणाचा करार केला, तो वेळोवेळी सुधारत गेला. २०१० च्या ऑक्टोबरपासून तर जुन्या प्रवासी बोटींनाही लवकर पेट घेणाऱ्या सामानाबद्दलचे कडक नियम लागू झाले. ज्यांना ते जमले नाहीत अशा बऱ्याच म्हाताऱ्या बोटी तेव्हाच सेवेतून गेल्या.

तिसरा प्रश्न, स्वच्छतेची तपासणी झाली आहे का? अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या बोटींची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं आणि शंभरपैकी गुण देतं. ८६ किंवा जास्त मिळाले तर पास. हे गुण सगळ्यांसाठी खुले असतात. घरातल्या एखाद्या मुलाला सांगितलं तर तो दोन मिनिटांत शोधून देईल.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण तो आम्ही वरवर विचारला आणि त्याची किंमत मोजली. एखादं बंदर चुकलं तर काय? त्याचं पुढे सांगतो.

आता तयारी. आपल्या पासपोर्टवर जाताना व्हिसाचं काम मोठं असतं. बोट ज्या देशांत थांबते त्या प्रत्येकाचे नियम बघायचे, तुम्ही खाली उतरणार नसलात तरी. ग्रीस, माल्टा, पोर्तुगाल यांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, पण तो अनेक वेळा आत जाण्याचा घ्यावा, कारण बोट मधे बाहेर पडते आणि पुन्हा आत येते. इंग्लंडचा वेगळा. एक कागद कमी असला तरी बोटीवर चढू देत नाहीत आणि पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर निदान सहा महिने उरलेली असू द्या.

पैशांचं म्हणाल तर तिकीट म्हणजे सगळा खर्च नव्हे. नोकरवर्गाचं रोजचं बक्षीस, किनाऱ्यावरच्या सहली, कपडे धुणं, परतीचं विमान आणि विमा हे सगळं धरलं तर आमच्या तिकिटाच्या प्रत्येक शंभर रुपयांवर आणखी तीसेक रुपये गेले. विमा घेताना “समुद्रातून किंवा परक्या बंदरातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का” हे वाचून घ्या. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, पण त्याचं बिल लागतं आणि मोठं दुखणं तिथे काढता येत नाही. धाकटीचा नियम असा, रोजची औषधं प्रवासाच्या दिवसांच्या दीडपट घ्यायची, ती हातातल्या पिशवीत ठेवायची, सामानात नाही, आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत. काही देशांत आपल्याकडची साधी वेदनाशामकं किंवा खोकल्याची औषधंही चालत नाहीत, तेव्हा चिठ्ठी हवीच. एकटीने जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. खोल्यांचे दर दोघांच्या हिशोबाने असतात, एकटीला बरेचदा दीडपट किंवा दुप्पट पडतात. जाऊबाईंशी पटत असेल तर फायदाच!

खोली निवडताना मधली आणि खालची निवडा. बोट झोक्यासारखी टोकांना आणि वर जास्त हलते, मध्यावर कमी. जुन्या बोटींत सज्जाच्या खोल्या थोड्याच असतात, बहुतेकींना गोल खिडकी असते. नकाशात आपल्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघा. वर नाचाचा हॉल किंवा खाली यंत्रघर नको.

आम्ही बॅलार्ड पियरवरून चढलो. निघण्याआधी सगळ्यांना जीवरक्षक जॅकेट घालून ठरलेल्या जागी उभं केलं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. कोस्टा कॉन्कॉर्डियावर त्याच दिवशी चढलेल्या लोकांची ही कवायत झालेलीच नव्हती, म्हणून आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. काही प्रवासी कंटाळून फोन बघत होते. थोरलीने मात्र खोलीपासून आपल्या जीवनौकेपर्यंतची पावलं दोनदा मोजली. बावन्न पायऱ्या, दोन वळणं. त्या वेळी आम्ही तिला हसलो.

पहिले तीन दिवस अरबी समुद्र. धाकटीला बोट लागली, थोरलीला नाही. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, ते डावं-उजवं डुलणं कमी करतात, पण पुढे-मागे होणारा झोका त्यांना आवरत नाही. उलटीची गोळी घ्यायची तर उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यावी, आणि रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर आपल्या डॉक्टरला आधीच विचारून. आल्याचा तुकडा, कोरडी पोळी, उघडी हवा आणि नजर क्षितिजावर, यानेही फरक पडतो. उपाशी राहू नये. हात मात्र साबणाने धुवा. बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ येते ती बहुतेक वेळा नोरोव्हायरसची, आणि त्याला दारातली ती बाटलीतली जेली पुरेशी नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं.

पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे करत जातात, म्हणून अनेक रात्री आम्हाला एक तास जास्त झोप मिळाली. एडनच्या आखाताजवळ चाचेगिरीच्या भीतीने रात्री डेकवरचे दिवे मालवले होते आणि पडदे ओढायला सांगितले होते. (२०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले झाले आणि अनेक बोटींनी तो रस्ता सोडला. तुमची सफर त्या बाजूची असेल तर खरा मार्ग कोणता ते आधी विचारून घ्या.) सुएझ कालव्यातून बोट जवळजवळ सगळा दिवस चालत होती, दोन्हीकडे वाळू, आणि बोटी एकामागोमाग एक, वारीतल्या दिंड्यांसारख्या. १८६९ साली उघडलेल्या या १९३ किलोमीटरच्या कालव्याला कुठेही दरवाजे नाहीत, कारण दोन्हीकडचं पाणी जवळपास एका पातळीत आहे. थोरलीने हे शाळेत तीस वर्षं सांगितलं होतं. त्या दिवशी ती डेकवरून जेवायलासुद्धा उठली नाही.

आणि आलिशानपणा? खरं सांगायचं तर तो झुंबरांत कमी आणि मोकळ्या जागेत जास्त होता. सागवानी फळ्यांचा लांब डेक, तिथे चालायचं, बसायचं, कोणी ढकलत नाही. शांत वाचनालय. सजून यायच्या रात्री आम्ही इरकल आणि पैठणी नेसलो, तेवढ्याने काम झालं. शाकाहारी जेवण आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं की छान मिळायचं. दहाव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या एका मुलाने आमच्यासाठी वरणभात आणि लिंबाचं लोणचं पाठवलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारपणाच्या खुणाही दिसत होत्या. नळाला सकाळी पहिल्या मिनिटाला तांबूस पाणी यायचं. एकदा आमच्या ओळीतले संडास चार तास बंद होते. खोलीतली हवा कधी थंडगार, कधी कोंदट. अशा वेळी आरडाओरडा करून उपयोग नसतो. स्वागतकक्षात जाऊन तारीख-वेळ घालून लेखी नोंद करायची आणि तिची प्रत घ्यायची. आम्ही तसं केलं, आणि दर वेळी कोणीतरी येऊन दुरुस्त करून गेलं.

मग ती रात्र आली. सुएझ मागे टाकून आम्ही भूमध्य समुद्रात आलो होतो. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंतचा प्रवास आणि परवा सकाळी ग्रीसचं पिरेयस बंदर, म्हणजेच अथेन्स. थोरलीने कापडी बूट काढून ठेवले होते. रात्री दोनच्या सुमारास आम्ही दोघी एकदम जाग्या झालो. आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. सतरा-अठरा दिवस अंगाखाली चाललेली ती घरघर बंद पडली होती. दिवे गेले. मिट्ट काळोख.

थोरली म्हणाली, “ताईंना सांगितलं होतं ना, लवकर परत येऊ म्हणून.” ताई म्हणजे आमच्या सासूबाई. एवढंच म्हणाली.

थोड्याच वेळात बाहेरच्या वाटेतले मोजके दिवे लागले. आता आम्हाला माहीत आहे की ते नियमातच आहे. प्रवासी बोटीवर वीज गेली तर ४५ सेकंदांच्या आत संकटकाळचं वेगळं यंत्र आपोआप सुरू व्हावं लागतं. ते खाली यंत्रघरात नसतं, वरच्या बाजूला ठेवलेलं असतं, आणि ३६ तास चालेल इतकी त्याची सोय असते. तेव्हा मात्र हे ठाऊक नव्हतं. आम्ही जॅकेटं घेतली, चपला घातल्या आणि दारात उभ्या राहिलो. भोंगा झाला नव्हता, म्हणून बाहेर पडलो नाही. बावन्न पायऱ्या, दोन वळणं. त्या अंधारात ते माहीत असण्याचा किती आधार वाटला म्हणून सांगू!

आमच्या ओळीची खोल्या आवरणारा मुलगा विजेरी घेऊन आला. गोव्यातला, साष्टीकडचा. त्याचे वडील आणि आजोबाही तारवटी, म्हणजे बोटींवर नोकरी करणारे. आजोबा मुंबईत गावच्या कुडीत राहून बोटीची वाट बघायचे. गोव्यातल्या गावांनी आपल्या खलाशांसाठी धोबी तलाव, माझगावच्या बाजूला काढलेल्या त्या खोल्यांना कूड म्हणतात. तो म्हणाला, “आंटी, आग नाय, पाणी नाय. वीज गेली तितकीच. तुम्ही बसा.” आणि पुढच्या दाराकडे गेला. एकूण बावीस दारं त्याने तशीच वाजवली.

तासाभराने कप्तानाने सांगितलं की वीज करणाऱ्या यंत्रांपैकी एक बिघडलंय आणि त्यामुळे बाकीचीही थांबली होती. पहाटे घरघर पुन्हा सुरू झाली, पण हळू. दुपारी दुसरी सूचना आली. बोटीचा वेग कमी ठेवावा लागेल, पिरेयसला पोचायला फार उशीर होईल, म्हणून ते बंदर गाळून सरळ माल्टाला जाऊ, तिथे दुरुस्ती होईल.

म्हणजे अथेन्स गेलं.

स्वागतकक्षापुढे मोठा गलका झाला. थोरली तिकडे गेली नाही. डेकवर जाऊन बसली. जेवणाच्या वेळी आली आणि म्हणाली, “चल, वाचूया काय लिहिलंय ते.” आम्ही तिकिटाच्या मागची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. तिथे साफ लिहिलं होतं की कप्तान सुरक्षिततेसाठी कोणतंही बंदर गाळू शकतो आणि त्याबद्दल कंपनी भरपाई देणं लागत नाही. आम्हाला त्या बंदराचं शुल्क परत मिळालं, आणि बोटीतर्फे घेतलेल्या सहलीचे पैसे. बस्स. ज्यांनी बाहेरून स्वतंत्र गाडी ठरवली होती त्यांचे तेही बुडाले. हाच तो चौथा प्रश्न. बंदर चुकलं तर काय मिळतं, किती मिळतं, आणि यंत्राच्या बिघाडामुळे चुकलं तर वेगळं काही मिळतं का, हे आधी वाचा. एकाच ठिकाणासाठी आयुष्यभर वाट पाहिली असेल, तर तिथे बोटीच्या भरवशावर जाऊ नका. जुन्या बोटीच्या तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी तो साष्टीचा मुलगा खोली आवरायला आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. रात्रभर लोकांना धीर दिला आणि सकाळी पुन्हा चादरी बदलायला हजर. २०१३ पासून लागू झालेल्या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती द्यायची असं आहे. भारतानेही २०१५ साली तो मान्य केलाय. धाकटीने रात्रपाळ्या काढलेल्या, तिला त्याची अवस्था बघितल्याबरोबर समजली. तिने त्याला सांगितलं, “आज आमची खोली राहू दे.” तो नको म्हणाला. वरच्या माणसाला काय सांगणार? तेव्हा आम्हीच दारावर “त्रास देऊ नये”ची पाटी लावली, त्याला मिळालेली ती पंधरा मिनिटं.

साउथॅम्प्टनला उतरताना आम्ही कंपनीला एक पत्र लिहून दिलं. त्यात दोन भाग होते. पहिल्यात तारखांसह सगळ्या बिघाडांची यादी. दुसऱ्यात त्या रात्री दारं वाजवत फिरलेल्या मुलाचं आणि त्याच्या सोबत्यांचं काम, त्यांची नावं आणि खोल्यांचे क्रमांक घालून. बोटीवर अशा लेखी कौतुकाला किंमत असते, पुढचं कंत्राट मिळताना ते कामी येतं. तुम्ही गेलात तर बक्षीस द्याच, पण नावानिशी दोन ओळीही लिहा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तिकीट स्वस्त आहे, बोट जुनी आहे, जावं का?

चार प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली, विमा झाला, ठरलेला बेत बदलला तर चालेल एवढी मनाची तयारी असली, तर जावं. जुन्या बोटीवर शांतता असते, मोकळा डेक असतो, समुद्र जवळ दिसतो. उत्तरं टाळली गेली, किंवा “पडदे नवीन आहेत” एवढंच कळलं, तर तिकीट कितीही कमी असो, जाऊ नये. आणि गेलात तर पहिल्याच संध्याकाळी आपल्या जीवनौकेपर्यंतच्या पायऱ्या मोजा. कोणी हसलं तर हसू द्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “बघितलंस का ते तुझं देऊळ?” थोरली म्हणाली, “नाही बघितलं. पण सुएझ बघितला.” अथेन्सचं अजून राहिलंच आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आता विमानाचा विचार चाललाय. या वेळी अटी आधी वाचू.

तुमचे आणखी काही प्रश्न असतील तर केंद्राच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका. पुढच्या खेपेला उत्तर देऊ. नमस्कार.